तात्यांची उघडी मोटर

दुकानाला टांगलेल्या लिंबू-मिरचीतली मिरची काढून वडापावाबरोबर खाणारा माणूस मी. भूत, भानामती, अंगात येणं... असला विषय निघाला की सगळ्यात आधी मी हसणार. बायको, मंगल, ओझरला विघ्नहर गणपतीपुढं हात जोडून उभी असायची, तेव्हा मी बाहेर चपला राखत शेंगदाणे खायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून 'हा पहिल्यापासूनच तसला' असं कुणी म्हणायला नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुणे-नाशिक रस्त्यावर, आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, आतली जळकी तार काढायची, नवी भरायची. शेजारी कांतीशेठचं हार्डवेअर. घर मूळचं राजस्थानातलं, पण शेठ शिव्या आमच्यापेक्षा गावरान द्यायचे. दोन्ही दुकानांत भिंत एकच, आणि फोन फक्त त्यांच्याकडं.

आमची पोरगी ठकी तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिचं दुखणं मीच शोधलं, तेही गाढवपणानं. बेअरिंग गेलंय का बघायला आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. त्यामुळं कानाला सवय. एकदा ठकी माझ्या मांडीवर झोपली होती, तळहाताला तिच्या छातीची बारीक थरथर लागली. कान लावला, तर घर्र... घर्र... मी ऐटीत मंगलला म्हणालो, "हिचं बेअरिंग गेलंय गं!"

मंचरच्या डॉक्टरांनी तपासलं. ते हसले नाहीत. हृदयाला भोक होतं. मोठं. मंगल त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आधी माझा धंदा विचारला, मग कागदावर हृदय काढून समजावलं. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवणार, तेवढा वेळ त्याचं काम मशीन करणार.

"चालू ठेवून नाही का होत?" मी विचारलं.

"तुम्ही चालू मोटर उघडता?"

"नाही."

"मग?"

"पण परत चालू... होतं ना?"

"होतं. बहुतेक वेळा आपलं आपण."

'बहुतेक वेळा' हे दोन शब्द घेऊन मी एसटीत बसलो आणि पेठेला उतरायचं सोडून थेट मंचरला पोचलो. मांडीवर ठकी, शेजारी मंगल. तिघंही पुढं गेलो, मंगललाही कळलं नाही.

तेव्हापासून माझा हात बिघडला. मोटर चालू करता यायची, बंद करता येईना. बटणावर बोट ठेवायचो आणि तसंच मागं घ्यायचो. सातगाव पठारावरचे बटाटेवाले तात्या त्यांची जळालेली मोटर घेऊन आले, तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी तयार मोटर टेबलावर कधीची फिरत होती.

"आरं बंद कर की ती," तात्या म्हणाले. "वरात काढायचीय का तिची?"

"करतो की."

"मग कर ना राव!"

मी नुसता उभा. शेवटी तात्यांनीच बटण दाबलं. मोटर मंद झाली, आणखी मंद झाली, थांबली. आणि मी लहान पोरासारखा रडायला लागलो.

"आयला! म्या फकस्त बटान दाबलं!" तात्या घाबरलेच. मग सगळं ऐकून स्टुलावर बसले. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "माजी मोटर ऱ्हाऊ दे. बटाटं काय पळून न्हाई जात. आदी पोरगी."

पण हाताला काम नसलं की डोकं खायचं, म्हणून त्यांची मोटर मी उघडलीच. जळकी तार सगळी काढून टाकली. फिरणारा रोटर एकीकडं, मोकळं लोखंडी कवच एकीकडं. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेठची हाक आली. पुण्याहून फोन, बेड मोकळा झालाय, आजच या.

माझ्या उस्तादांचा एक नियम होता. उघडलेली मोटर तशीच टाकून घरी जायचं नाही. निदान झाकण लावायचं, फडकं टाकायचं. असल्या नियमांना मी हसायचो, तरी पाळायचो. त्या दिवशी मात्र शटर ओढलं आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीला आत नेलं. नेणाऱ्या सिस्टरच्या खांद्यावरून ती माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, फिरायला चाललोय.

बाहेरच्या बाकावर मंगल डोळे मिटून बसली. मी काय करत होतो म्हणाल? पोटची पोर आत, आणि माझ्या डोक्यात तात्यांची मोटर! उघडी टाकली, उघडी टाकली... मी ते तोंडानं पुटपुटतोय हेही मला कळत नव्हतं.

"जा, शेठना फोन करून या एकदाचा," मंगल डोळे न उघडता म्हणाली. "पण पुटपुटू नका."

खालच्या एसटीडी बूथवरून शेठना फोन लावला. "शेठ, किल्ली तुमच्याकडं आहे ना? जरा शटर उघडून त्या मोटरीवर फडकं टाका. उघडी राहिलीय."

"उघडी कसली? चालू ठेवून गेलायस लेका! मघापासून भिंत थरथरतेय. आवाज मात्र झकास, लोण्यावाणी."

"शेठ... त्या मोटरीत तार नाही."

"मग दुसरी आसंल."

"दुसरी होती ती गिऱ्हाईक घेऊन गेलं. दुकानात आता दुसरी मोटरच नाही."

मग शेठचा आवाज एकदम खाली आला. "थांब थांब... आमच्याकडं तर सकाळपासून लाईट न्हाई. मी हितं पुठ्ठ्यानं वारा घेतोय."

"भिंतीला हात लावा."

"लावलाय."

"मग?"

"चालू हाये... भाऊ, खरंच चालू हाये." आणि थोड्या वेळानं, "आता मंद व्हायला लागली... थांबली."

रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून मी पळालो. जिन्यात एक चप्पल निसटली. मला कळलं होतं. काय कळलं होतं ते मंगलला कसं सांगायचं, एवढंच उरलं होतं. वर पोचलो तर सिस्टर तिच्यासमोर उभी. मंगलनं पदर तोंडात धरलेला.

"आत्ताच मशीन बंद केलं," सिस्टर म्हणाली. "आता तिचं तिचं चालू आहे. एकदम छान."

एकाच पायात चप्पल, तसाच मी तिथं फरशीवर बसलो.

परत आलो तेव्हा शेठनी स्वतः शटर वर केलं. टेबलावर रोटर एकीकडं, कवच एकीकडं, जसं ठेवलं तसं. कवचात कोळ्यानं जाळं धरलेलं. रस्त्यावर ट्रक चालू असेल, कुणाचं डिझेल इंजिन असेल, सगळं सुचवून झालं. शेठ म्हणतात, ट्रकला काय भिंत कळत नाही का मला? तात्यांना सांगितलं, तर मोटर नेताना त्यांनी आधी तिला हात जोडले. मी या वेळी हसलो नाही.

ठकी आता कॉलेजात आहे. "ट्रकच असेल हो बाबा," म्हणते. असेलही. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

फक्त एक सवय राहिली. मोटर बंद करायच्या आधी मी तिच्यावर तळहात ठेवून जरा थांबतो. गिऱ्हाईक खेकसतं, "बंद कर की राव!" करतो. पण कुणास ठाऊक, कुठं कुणाचं काय तिच्यावर चालू असेल... त्याचं त्याचं सुरू होईपर्यंत थांबायला माझं काय जातंय?