फाईलवर फाईल

मी चौथी शिकलो, पण आमच्या पाणी संस्थेचं तक्रारीचं रजिस्टर वीस वर्षं माझ्याच हातात होतं. तोंडी तक्रार मी ऐकत नसे. लिहिलेली तेवढीच खरी.

संस्थेचं ऑफिस शिरूरला, पंप निमोण्याकडं घोड नदीवर. रजिस्टर कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं, ते काम माझ्या सुनेनं केलं. ती दौंडला असल्याच कामावर आहे. तिनं दोन वाटा सांगितल्या. सगळ्या नोंदींचा डेटाबेस नेटवरच्या सर्व्हरवर ठेवला तर ऑफिसातून आन् पंपावरून एकाच वेळी लिहिता येतं. नाहीतर सगळं एका फाईलीत, पण मग लिहायचं एकाच जागी. सर्व्हरच घ्या, म्हणाली. मी म्हणालो, जी वस्तू माझ्या कपाटात ठेवता येत न्हाई, तिची जबाबदारी मी घेणार न्हाई. कमिटीत माझ्यापुढं कोणी बोलेना. फाईल ठरली.

लिहायचं फक्त ऑफिसात. वायरमन तिथलीच यादी बघून कामाला जायचा. रोज सकाळी मी ती फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन एसटीनं पंपावर जायचो आन् तिथल्या कॉम्प्युटरवर नुसती बघण्यासाठी टाकायचो.

एकदा तापानं दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर पंपाचा ऑपरेटर म्हणाला, "आबा, स्टार्टरच्या पेटीत करंट उतरतोय."

"लिहिलंय का?"

"व्हय. हितंच, कॉम्प्युटरवर."

"मग झालं."

पेन ड्राइव्ह लावला. जुनी फाईल बदलायची का, असं ते मशीन रोज इंग्रजीत विचारायचं. रोजच्यासारखं येस दाबलं.

चार दिवसांनी त्या पेटीनं त्याला धरलं. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

सुनेनं पंपावरचा कॉम्प्युटर तपासला. "आबा, तुम्ही फाईलवर फाईल टाकली," म्हणाली. "त्यानं लिहिलेलं पुसलं गेलं."

कमिटीत सेक्रेटरीनं यादी वाचली. नोंद नाही, म्हंजी चूक ऑपरेटरची, त्याला काढायचं, असा सूर निघाला. तो दाराशी बसला होता, हाताला पट्टी, माझ्याकडं बघत. मला उठायला वेळ लागला. गुडघ्यामुळं, असं लोकांना वाटलं असेल.

"नोंद होती," म्हणालो. "मी पुसली."

त्याचं काम राहिलं. रजिस्टर माझ्याकडून गेलं, सर्व्हर आला. नंतर एकदा पंपावर गेलो तर तो डाव्या हाताच्या एका बोटानं तीच तक्रार लिहीत होता. पेटी कधीच बदललेली. आता कशाला, म्हणून मी विचारलं.

"नोंद असावी, आबा," म्हणाला. "पण हे जुनी तारीख घेत न्हाई. आजचीच टाकतंय."