पाण्यात ठेवलेले देव

देवावर चिडलेला माणूस देवाचा अनुभव सांगायला बसलाय, हे वाचून कुणी हसलं तर मी रागावणार नाही. राग ही तशी माझी जातकुळी नव्हे. ऑफिसात साहेब बोलले तर घरी येऊन पाण्याच्या मोटरचं बटण जरा जोरात दाबायचं, एवढाच माझा पराक्रम. पण मुलगी आजारी पडली आणि मला कळलं की आपल्या पोटातही चांगला धगधगता राग आहे. तो कुणावर काढावा ते सुचेना. मग जो उलट बोलत नाही त्याच्यावर काढला.

आम्ही वराळ्याचे. वडील, म्हणजे आबा, जन्मभर शेती करत आले. मी तळेगावात नोकरी करतो. मुलगी गार्गी चौथीत. एके दिवशी तिचा घसा दुखला, ताप आला, औषध दिलं, ताप गेला. नंतर काही दिवसांनी सकाळी उठली ती दुसरीच कुणी मुलगी होती. डोळे सारखे मिचकवायचे, मान झटकायची, हात धुवायचे आणि पुसून झाले की पुन्हा धुवायचे. घास तोंडाशी न्यायचा आणि विचारायचं, "बाबा, हे खाऊन मी मरणार नाही ना?" नाही म्हणून सांगितलं की पुन्हा तोच प्रश्न. त्यात अंगावर लालभडक गांधी उठू लागल्या. चेहरा एकाएकी तापून लाल व्हायचा, पोटात कळ यायची. काल चाललेलं दही आज चालायचं नाही, आज चाललेला भात उद्या चालायचा नाही.

डॉक्टरांकडे गेलो. एकानं सांगितलं, एकुलती आहे, लाडावलीय. दुसऱ्यानं सांगितलं, शाळेचा ताण आहे. अंगावरच्या गांधींकडे बोट दाखवलं तर म्हणाले, ते वेगळं, त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांना भेटा. आमच्या पोरीचे जणू वाटे घातले होते, डोकं एकाकडे, कातडी दुसऱ्याकडे, पोट तिसऱ्याकडे. नातेवाईक तर बिनफीचे तज्ज्ञ. माझी एक मावशी फोनवर म्हणाली, "दोन फटके द्या, जेवेल गपचूप." मी फोन ठेवला आणि मोटरचं बटण तोडलं. खरोखर तोडलं. नवं बसवायला वायरमन आला तेव्हा बायकोनं त्याला सांगितलं, व्होल्टेज वाढलं होतं. तसं ते वाढलंच होतं.

शेवटी पुण्यात एक डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, घसा तपासला, रक्त तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं, पॅन्डास. घशातल्या जंतूंशी लढताना शरीराची फौज चुकून मेंदूवरच उलटते. आणि गांधींचं काय, तर शरीरात मास्ट सेल नावाच्या पहारेकरी पेशी असतात. "तुमच्या मुलीचे पहारेकरी बिथरलेत," बाई म्हणाल्या, "मांजर आलं तरी दरोडा पडल्यासारखी आरोळी ठोकतात. या दोन्हींचा संबंध नेमका काय, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण अशी मुलं मी पाहिलीत." औषधं सुरू झाली. उष्णता, उग्र वास, धूर, एखादा पदार्थ, कशानं बिथरतात ते तुम्हीच शोधा, असंही त्यांनी बजावलं. आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या की वजन आणखी उतरलं तर तिला दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. ती नळी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पोरीनं स्वतःच्या हातानं पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं.

आम्ही शोध सुरू केला. टोमॅटो बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद. अत्तर गेलं, फिनेल गेलं, माझी दाढीनंतरची बाटली गेली. घरातल्या प्रत्येक वस्तूकडे आम्ही पोलिसाच्या नजरेनं बघत होतो. एका कोपऱ्याकडे मात्र कुणीच बघितलं नाही, कारण देवघराकडे संशयानं बघायची आमच्यात रीतच नाही.

उलट तिथं जोर वाढला होता. पूर्वी आबा सकाळी एक उदबत्ती लावायचे. नात आजारी पडल्यावर सकाळ-संध्याकाळ धूप सुरू झाला. गांधी वाढल्या तशी गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद आणि राळ पडू लागली. आबा धुपाटणं घेऊन तिच्याभोवती फिरवायचे, डोळे मिटून म्हणायचे, "भैरवनाथा, माझ्या बायला सोड आता." पोरगी धुरात बसून खोकायची. ती खोकली की आबा आणखी चिमूटभर ऊद टाकायचे. मीही हात जोडून उभा असायचो. शिकलेला माणूस.

एका रविवारी तिनं दिवसभरात दोन घोट पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. मी देवघरासमोर उभा राहिलो आणि माझा तोल सुटला. चांदीच्या टाकातला भैरवनाथ, खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे उचलले आणि पाण्यानं भरलेल्या घंगाळात घातले. देव पाण्यात ठेवायची चाल आमच्याकडे आहे. पण ती आर्जवानं, हात जोडून. मी भांडी घासायला टाकावीत तसे टाकले. अन्नपूर्णेला तर म्हणालो, "तुझ्या हातात पळी कशाला आहे? शोभेला?"

आबा दारात उभे होते. मला वाटलं आता खाऊन टाकतील. ते एवढंच म्हणाले, "ठिवलंस ना? मग आता रीत पाळ. देव पाण्यात हायती तवर हितं फूल न्हाई, गंध न्हाई, धूप न्हाई. पोरगी जेवल तवाच त्यांना भाईर काढायचं."

धुपाटणं कोनाड्यात गेलं. घर कसं ओकंबोकं वाटू लागलं. पण त्या आठवड्यात गार्गीच्या अंगावरच्या गांधी विरळ झाल्या. पोटातली कळ थांबली. आणि एका दुपारी तिनं आईच्या ताटातला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला, दुधात कुस्करला आणि काहीही न विचारता खाल्ला. मग आणखी एक. आम्ही तिघं दुसरीकडे बघत बसलो होतो, तिच्याकडे बघितलं तर थांबेल म्हणून. बायको म्हणाली औषध लागू पडलं. आबा म्हणाले देवाला पाझर फुटला. मला वाटलं माझ्या दमाला देव घाबरला. प्रत्येकाला आपापलं श्रेय पटलं होतं.

मग आबांनी देव बाहेर काढले. पूजा मोठी करायची ठरली. झेंडूचे हार आले, कापूर आला, आणि आठवडाभराचा उपास फेडावा तसा भरपूर ऊद निखाऱ्यावर पडला. आरती संपायच्या आत गार्गीचा चेहरा लाल झाला, ओठ सुजले, आवाज बसला. ती छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

तिला उचलून गाडीत घातलं. माझी गाडी अशा वेळी सुरू होत नाही. ती सुरू झाली नाही. तिला कडेवर घेऊन रस्त्यावर पळालो. देवळाकडून एक कोरी करकरीत मोटार येत होती. बॉनेटवर हार, काचेवर स्वस्तिक, आत नवरा-बायको ठेवणीतल्या कपड्यांत. मी आडवाच उभा राहिलो. त्यांनी काही न विचारता मागचं दार उघडलं.

आत बसलो तर समोर गणपती आणि त्याच्यापुढे जळता उदबत्त्यांचा जुडगा. गार्गीनं तोंड माझ्या शर्टात खुपसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, धूर."

त्या माणसानं आरशातून तिच्याकडे बघितलं. मग उघड्या बोटांनी तो पेटता जुडगा चिरडला आणि काच खाली करून बाहेर टाकला.

"अहो, आत्ताच पूजा झालीय," त्याची बायको हळूच म्हणाली.

"देव थांबंल की," तो म्हणाला, "पोरीला थांबता यायचं न्हाई." आणि बोटं तोंडात घालून चोखत एका हातानं त्यानं गाडी पळवली. त्याच्या बायकोनं खिडक्या सगळ्या उघडल्या आणि ती गार्गीला पदरानं वारा घालत राहिली.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला, ओठ उतरू लागले. मी बाकावर बसलो होतो आणि कानात गार्गीचं "बाबा, धूर" एवढंच घुमत होतं. इतके दिवस औषधांबरोबर आणखी काय बदललं होतं, ते आता दिसलं. पाण्यात बसलेल्या देवांनी धूप घेतला नव्हता. मी त्यांना शिक्षा केली असं समजत होतो, आणि ते पोरीच्या वाटचा धूर अडवून बसले होते. मी चिडून टाकलं तरी त्यांनी काम केलंच. आभार मानायला बाहेर आलो तर ती मोटार गेली होती. पायरीजवळ झेंडूच्या चार पाकळ्या पडल्या होत्या. त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही.

डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. धूर कायमचा बंद, म्हणाल्या, आणि औषधं आहेत तशीच चालू. आबांना हे कसं सांगायचं याची मला धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतलं, धुपाटणं उचललं आणि गोठ्यामागं नेऊन पालथं घातलं. मग देवघरासमोर बसून भैरवनाथाला म्हणाले, "मला अडाण्याला कळलं न्हाई. तुला तरी बोलायला काय झालतं?" म्हणजे राग आमच्या घराण्यातच आहे.

आजार सरलेला नाही. घसा जरा दुखला की आम्ही पुण्याची वाट धरतो. माझी चीडही पुरती गेलेली नाही. पोरीला हे का, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. पण नळी घालावी लागली नाही. आणि आता रागावलो की तो राग मी देवापुढंच नेऊन ठेवतो. त्याचं काय करायचं ते त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं, एवढं मी मान्य केलंय.

आमच्याकडे पूजा आता साधी असते. पाणी आणि तुळशीचं पान. परवा गार्गी आबांशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, देवांना मी धुते. अन्नपूर्णा तळहातावर घेतली, पाणी घातलं, पुसली. आम्ही बघत होतो. तिचं धुणं एकदा सुरू झालं की संपत नाही.

आबांनी विचारलं, "झाली का गं स्वच्छ?"

"झाली," ती म्हणाली. तिनं मूर्ती जागेवर ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि भाकरी मागायला स्वयंपाकघरात गेली.