मयताच्या घरची भाकर

"आधी खाय वं, मंग रडजो. कोणी अडवलं नाही तुले."

असं म्हणून ती पाटी धपकन जमिनीवर ठेवायची. मयताच्या घरात माणसं हळू बोलतात, पाय न वाजवता चालतात, हे तिच्या गावीही नव्हतं. ती रागावलेलीच यायची. मरणावर रागावलेली, न जेवणाऱ्यांवर रागावलेली, दारात उभं राहून नुसतं "अरेरे" करणाऱ्यांवर तर फारच.

तिचं नाव सांगत नाही. नागपुरात इतवारीच्या मागे आमची विणकरांची गल्ली, तिथे लहानथोर सगळे तिला मावशी म्हणायचे. माहेर खाप्याचं. नवरा प्लेगात गेलेला, मूलबाळ नाही. आमच्या भिंतीला लागून तिची एक खोली होती, आणि लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून ती आपलं पोट भरायची.

आमच्यात ज्या घरी माणूस जातं तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही. घाटावरून माणसं परतली की शेजाऱ्यांनी भाकर न्यायची, अशी रीत आहे. रीत सगळ्यांनाच ठाऊक असते हो. पण तुम्हीही पाहिलं असेल, बायका आधी विचारत बसतात, कोण नेणार, किती न्यायचं, अमकी नेते तर मी कशाला. मावशी कोणाला विचारायची नाही. आमच्या गल्लीत सकाळपासून माग खडखडत असतात. एखाद्या घरचा माग गप्प झाला की ती कान द्यायची आणि ज्वारीचं पीठ घेऊन बसायची.

भाकरीबरोबर बेसन. तुम्ही त्याला पिठलं म्हणत असाल. सुतकाच्या घरी फोडणीचं नेऊ नये, असं मोठ्या बायका सांगत. ही मात्र लसूण आणि लाल मिरची घालून अशी फोडणी द्यायची की आम्ही भिंतीपलीकडे खोकायचो. "अळणी खाल्लं म्हणून मेलेलं माणूस उठून बसते काय?" हे तिचं उत्तर. माझ्या चुलतसासऱ्याची बायको गेली तेव्हा तो दिवसभर दगडासारखा बसून होता. तिच्या बेसनाचा पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे वाहायला लागले. "लय तिखट केलं वं," म्हणत तो रडत राहिला आणि खात राहिला. ही समोर बसून त्याला दटावत होती, "मंग काय गूळ घालू त्यात? खाय मुकाट्यानं."

एकदा मात्र तिची चांगलीच फजिती झाली. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता. एका सकाळी त्यांच्या घरचा माग वाजला नाही आणि आतून सुनेच्या रडण्याचा आवाज आला. मावशीने तासाभरात पाटी भरली आणि तिथे जाऊन आदळली. म्हातारा खाटेवर बसून तंबाखू मळत होता. सूत संपलं म्हणून माग बंद होता, आणि सून रडत होती ती नणंदेशी भांडून.

म्हाताऱ्याने पाटीकडे पाहिलं. "कोण गेलं वं?"

"तुमीच," मावशी म्हणाली.

"असं काय? मंग आण इकडं, पाहू दे कशी लागते."

तो पोटभर जेवला. पुढे कितीतरी दिवस तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की आपल्या मयताची भाकर आपण स्वतः खाल्ली, झकास होती. मावशी त्याला शिव्या देत पुढे जायची आणि कोपऱ्यावर वळल्यावर हसायची.

हे सगळं ती कशासाठी करते, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, पुण्याचं काही बोलेल. ती माझ्यावरच उसळली. "पुण्य गेलं चुलीत! माहा नवरा गेला तवा समदी गल्ली शहराबाहेर झोपड्यात पळाली होती. मी एकटी त्याच्यापाशी बसून होती. आन् मले भूक लागली वं. नवरा समोर पडला आहे आन् मले भूक लागून राहिली. अशी लाज वाटली मले, काय सांगू! तशी लाज कोणाले वाटू नये, बस." मग तिने कांड्यांकडे तोंड फिरवलं.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून तापतं ती सांगते.

आमच्या गल्लीतला एक तरुण मिलमध्ये कामाला होता. एक दिवस तापाने तो मिलच्या फाटकाबाहेर कोसळला. त्याच्यासोबत काम करणारा एकजण महारवाड्यात राहायचा. त्याने ह्याला उचलून आपल्या घरी नेलं, रात्रभर पेज पाजली, जगवलं. पंचांना कळलं. तर पंचांनी काय करावं? ज्याने जीव वाचवला त्याच्या पाया पडावं की नाही? त्यांनी ह्या पोराला वाळीत टाकलं. त्याच्या घरची पेज प्याला म्हणून! मेला असता तर जातीतला म्हणून मिरवत घाटावर नेला असता ह्याच लोकांनी.

त्याच वर्षी त्या पोराची लहानगी मुलगी देवीच्या आजाराने गेली. बाप तिला एकटा हातावर घेऊन गेला. आईचा टाहो सगळ्या गल्लीने ऐकला आणि सगळ्या गल्लीने दारं ओढून घेतली. मावशी पाटी घेऊन भर दुपारी गल्लीच्या मधोमध चालत गेली.

दुसऱ्या दिवशी पंचांनी तिला मारुतीच्या पारावर बोलावलं. आम्ही बायका लांब उभ्या होतो.

"त्या घरी भाकर काहून नेली?" मोठ्या पंचाने विचारलं.

"त्यायची पोरगी गेली म्हणून."

"जातीनं ते घर बंद केलं, मालूम नाही काय तुले?"

"मालूम आहे. तुहा बाप गेला तवा तू कोणाची भाकर खाल्ली होती गा? बोल ना. उष्ट्या हातानं माह्या गळ्यात पडून रडला होता. आता मले जात शिकवतं काय?"

पंच लालबुंद झाला. तिला वाळीत टाकायची मात्र कोणाची छाती झाली नाही, कारण पारावर बसलेल्या एकूणएकाने कधी ना कधी तिच्या हातचं खाल्लं होतं. मग त्यांनी त्याहून नीच गोष्ट केली. मयताच्या घरी हिची भाकर कोणी घ्यायची नाही, असं ठरवलं.

आणि गल्लीने ऐकलं! हेच मला सोसत नाही. एकही माणूस उठून "हे चालणार नाही" म्हणाला नाही. त्यानंतर कोणाकडे मयत झालं की ती नेहमीसारखी पाटी भरून जायची, आणि आतून एखादी बाई हात जोडायची, "नको मावशी, आमाले पोरंबाळं आहेत." ती परत यायची. झाकलेली पाटी शेजारी ठेवून ओट्यावर बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "शिव्या दे म्हणा मले, दारात उभी नको करू म्हणा. पण गरम भाकर परत काहून करते वं माणूस?"

मी पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला त्याने काही बरं वाटलं नाही.

ती हळूहळू कमी जेवू लागली. पुढल्या उन्हाळ्यात साधासा ताप आला आणि त्यातच ती गेली.

तिला अग्नी माझ्या नवऱ्याने दिला. माझा नवरा गरीब माणूस, पंच समोरून आला तर भिंतीला चिकटून वाट देणारा. पण अग्नी त्याने दिला, म्हणून सुतक आमचं झालं आणि आमची चूल थंड राहिली. घाटावरून येऊन माणसांनी दारात कडुनिंबाचा पाला चावला, आंघोळी केल्या. तेवढ्यात मोठ्या पंचाची बायको आली. मागे दोघीतिघी. हातात पितळी परात, वर पांढरंशुभ्र फडकं.

"घ्या वं, दोन घास खाऊन घ्या. मावशी लय मोठ्या मनाची होती."

मोठ्या मनाची! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तर गल्लीच्या त्या टोकाकडून ती वाळीतली पोर येताना दिसली. लेक गमावलेली आई. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि बेसनाचं एक लहान पातेलं, आमच्याकडचा गंज. ती ओट्यावर चढली नाही. सगळं कडेला ठेवलं आणि बाजूला सरकली.

"ठेवून जातो, बाई. नाही खाल्लं तरी चालन."

"हिच्या भाकरीले हात लावून तर पाहा," पंचाची बायको म्हणाली, "तुमची पोरगी जन्मभर घरात बसन, सांगून ठेवतो."

माझ्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलगी दाराआडून माझ्याकडे पाहत होती. नवरा खाली मान घालून बसला होता.

मी फडकं सोडलं. भाकर अजून गरम होती. तुकडा मोडला, गंजातल्या बेसनात बुडवला आणि ओट्यावर उभी राहून, सगळ्या गल्लीला दिसेल असा तोंडात घातला. समोरचं एक दार लागलं. मग दुसरं.

नवरा उठला. मला वाटलं, घरात जाऊन कडी लावतो आता. तो माझ्याजवळ आला, माझ्या हातातली अर्धी भाकर तोडून घेतली, आणि पंचाच्या बायकोकडे तोंड करून खात उभा राहिला.