दोरा सोडवला का कापला

गोंदिया स्टेशनवर बाबांनी आधी डब्याचा नंबर पाहिला, मग बर्थचा, मग बर्थखाली बॅगेला लावलेल्या साखळीला तीनदा झटका देऊन पाहिला. पाण्याची बाटली विकत आणली, तिचं झाकण उघडताना कुरकुरतं का ते कानाशी धरून ऐकलं. समोरच्या बाकावरचे एक काका हसून म्हणाले, "चिंता मत करो भाईसाब, बिटिया को हम देख लेंगे." त्यानंतर बाबांची चिंता दुप्पट झाली. गाडी सुटेपर्यंत ते माझ्याकडे कमी आणि त्या काकांकडे जास्त पाहत होते.

दोन हजार नऊ साल होतं. मी जर्मनीला शिकायला निघाले होते आणि आमच्या घरातलं कुणी तोवर नागपूरच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. आदल्या दिवशी आमच्या गावच्या, केशोरीच्या बुद्धविहारात प्रवासात रक्षण व्हावं म्हणून परित्राण पाठ झाला होता. पाठ संपल्यावर भंतेजींनी माझ्या उजव्या मनगटावर पांढरं सूत बांधलं. आई खिडकीच्या गजातून हात घालून तेच सूत सारखं चाचपून पाहत होती. "आपला आपण सुटेपर्यंत राहू देजो, तोडजो नोको," एवढंच ती म्हणत राहिली. बाबा शेवटी बोलले, तेही गाडी हलल्यावर, खिडकीबरोबर चालत चालत. "जो हसून बोलन त्याले दोनदा पाहाजो."

बाबा अर्जुनीच्या एका राइस मिलमध्ये धान पारखायचे. गाडीतून पोती उतरली की पोत्याचं तोंड उघडून हात थेट आत, कोपरापर्यंत. तळाचे दाणे मुठीत आणून तळहातावर पसरायचे, एक दातांखाली फोडायचे आणि मग बोलायचे. "पोत्याच्या तोंडाशी सारेच चांगले दाणे ठेवतेत," हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. आमच्या घरी पाहुणा असो, डॉक्टर असो की मत मागायला आलेला माणूस, बाबा सगळ्यांनाच कोपरापर्यंत तपासून घ्यायचे. केशोरीतल्या माझ्या लोकांनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण माझ्यासारखे बॅगा बांधून दूर गेलेले जे कुणी हे वाचतील, त्यांना कळावं की मी कुठल्या घरातून निघाले होते.

जर्मनीत मी सगळ्यावर संशय घेतला. नळाचं पाणी पिता येतं म्हणाले, मी महिनाभर उकळून प्यायले. ट्राममध्ये तिकीट कुणी तपासेना, तेव्हा मला खात्रीच पटली की हा सापळा आहे. म्हणून तिकीट हातात उभं धरून बसायचे, सगळ्यांना दिसेल असं. शेजारची म्हातारी रोज हसून काहीतरी म्हणायची. ती नुसती सुप्रभात म्हणते हे कळल्यावरही मी तिला दोनदा पाहत राहिले.

सर्वांत जास्त संशय मला सायलीचा आला. सायली पुण्याची, हॉस्टेलच्या माझ्याच मजल्यावर. पहिल्या संध्याकाळी पोहे घेऊन आली आणि दहा मिनिटांत तिनं गोंदिया म्हणजे नक्की कुठे, घरी कोण कोण, वडील काय करतात, असं सगळं विचारलं. केशोरीजवळ प्रतापगड आहे म्हटलं तर ती उडालीच. तिला साताऱ्याकडचा तो एकच ठाऊक. आमचाही एक आहे, डोंगरावर, महादेवाच्या जत्रेचा, हे तिला पटवण्यात माझा चहा थंड झाला. आणि मग कपाशी खेळत, अगदी सहज तिनं विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. मुद्दामच म्हणाले नव्हते. नागपूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका मैत्रिणीनं माझं आडनाव ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबा उघडताना ती पाठ फिरवून बसायला लागली. बोलणं-हसणं तसंच, फक्त पाठ फिरवलेली. त्या प्रश्नाच्या मागून काय येतं ते मला तिथेच कळलं होतं. सायलीला मी म्हटलं, "रजनी म्हण ना, आडनाव कशाला?" ती हसली. माझं लक्ष तिच्या हसण्याकडे नव्हतं, तिचे डोळे माझ्या मनगटावर कधी जातात तिकडे होतं. ते गेलेच. "दोरा कसला गं?"

"आईनं बांधलाय," मी म्हटलं. "नवसाचा."

हे मी लिहून ठेवते आहे कारण आजवर घरी सांगितलेलं नाही. छप्पन साली दीक्षा घ्यायला बैलबंडीनं आणि पायी नागपूर गाठलेल्या माणसाची मी नात. आमच्या घरात नवस हा शब्दसुद्धा कुणी काढत नाही. "कुठल्या देवीचा?" सायलीनं पुढे विचारलं, आणि मी आमच्याकडच्या कुठल्याशा देवीचं नाव ठोकून दिलं. मग ती गेली. पोहे छान होते, पण मी ते तसेच झाकून ठेवले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तिचा राग येत होता, आणि या दोन्हींतलं मोठं काय ते कळत नव्हतं.

तरी आमची मैत्री झाली. परक्या देशात मराठी बोलायला दुसरं माणूस नसलं की संशय बाजूला ठेवून भाजी वाटून घ्यावी लागते. पण सहा महिने मी पूर्ण बाह्यांचेच कपडे घातले. तिला कधीच सगळं कळू द्यायचं नाही, आणि कळलंच तर आधी मीच पाठ फिरवायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही बसनं पॅरिसला गेलो. मी, सायली आणि केरळचा बिनू, जो फोटो काढायचा आणि फार बोलायचा नाही. सायलीच्या हातात जाडजूड पुस्तक, त्यातून ती मोठ्यानं वाचणार आणि मी मध्येच विचारणार, हे खरंच जुनं आहे का? नोत्रदामच्या कठड्यावरचे ते भुतासारखे प्राणी मध्ययुगातले असतील असं ती म्हणाली. मी पुढचं पान उलटायला लावलं, तर निघाले दुरुस्तीच्या वेळी बसवलेले, दीड-पावणेदोनशे वर्षांचे. आयफेल टॉवर तर म्हणे थोड्या वर्षांसाठीच उभा केला होता. "तुला कशावरच विश्वास ठेवता येत नाही का?" सायली वैतागली. मी म्हटलं, मी फक्त पोत्यात हात घालते. तिला ते कळलं नाही, मीही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पांढऱ्या घुमटांच्या चर्चच्या टेकडीवर निघालो. पायऱ्यांपाशी ठग असतात हे मी आधीच इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. सकाळपासून मी दोघांना सूचना देऊन राहिले होते. बॅग पुढे घ्या, कुणाशी बोलू नका, हात खिशात ठेवा. बिनूनं खरोखरच दोन्ही हात खिशात घातले होते, बिचाऱ्याला फोटोही काढता येईनात.

पायऱ्यांच्या सुरुवातीला एक माणूस पुढे आला, माझ्या बाबांच्या वयाचा. त्याच्या हातात सुताचे दोरे होते, रंगीत आणि काही पांढरे. त्यानं मान जरा झुकवली, पांढरा दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि माझ्यापुढे केला. आणि मी, सकाळपासून दोघांचं डोकं खाणारी मी, बाही वर सारून उजवा हात पुढे केला आणि मान खाली घातली.

आमच्याकडे असंच करतात. विहारात भंतेजी समोर आले की कुणी विचार करत नाही, हात पुढे जातो. लहानपणापासून गेलेला हात होता तो, त्याला पॅरिस कुठे माहीत. डोळे मिटले होते की काय तेही आठवत नाही. त्यानं नवा दोरा माझ्या जुन्या सुताखालून ओवून दोन-तीन घट्ट गाठी मारल्या, टोक आपल्या मुठीत धरलं आणि पैसे मागितले. मी हात ओढला तर दोरा रुतला. त्याचा आवाज चढला. आणखी दोघं तसलेच जवळ येऊन उभे राहिले.

सायलीनं पर्समधून छोटी कात्री काढली आणि माझं मनगट पकडलं. दोन्ही दोरे एकमेकांत असे गुंतले होते की एक कापला असता तर दुसराही गेला असता. मी ओरडले. शुद्ध मराठीत नाही, इंग्रजीत तर नाहीच.

"हात लावू नोको! भंतेजीनं बांधला हाय तो, परित्राणाचा हाय!"

सायलीची कात्री थांबली. बिनूनं खिशातून होती तेवढी चिल्लर काढून त्या माणसाच्या हातावर ठेवली, तसं त्यानं टोक सोडलं आणि तो दुसऱ्या पर्यटकांकडे वळला. मी पायरीवर बसले. सहा महिने झाकून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यात बाहेर पडलं होतं आणि मी सायलीच्या तोंडाकडे पाहत होते, ती पाठ कधी फिरवते म्हणून.

ती शेजारी बसली. कात्री पर्समध्ये टाकली आणि नखांनी गाठ उकलायला लागली. मग तिनं ते वाक्य म्हटलं, ज्याची मला भीती होती. "आमच्या घरी कुणी जातबित मानत नाही गं."

हे पोत्याच्या तोंडचे दाणे. असले मी नागपूरलाही पाहिले होते. मला इतका राग आला की मी गावातल्यासारखंच विचारलं, "मंग आडनाव कायले विचारलं होतं?"

तिनं पुन्हा गाठीत नख घातलं. "सवय," ती म्हणाली. "आई सगळ्यांना विचारते, म्हणून मीही विचारते. उत्तर आलं की कोण कुठला, हा हिशेब डोक्यात आपोआप लागतो. तुझं आलं नाही, तेव्हाच लागला." तिचा चेहरा उतरला होता. "देवीचं नाव तू खोटं सांगितलंस तेही कळलं होतं. मला बरं वाटलं, कारण मग मला काही बोलावं लागणार नव्हतं."

ऐकायला वाईटच होतं हे. तिच्या बाजूनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला. हा दाणा तळाचा होता. मी हात तिच्याकडे तसाच ठेवला. ती पाऊण तास गाठी सोडवत बसली, दातही लावले, एक नख मोडलं. चर्च आम्ही आतून पाहिलंच नाही. शेवटी नवा दोरा सुटून आला आणि जुना, मळून चहाच्या रंगाचा झालेला, तसाच राहिला.

परत आल्यावर घरी फोन केला. बाबांना सांगितलं की तुमच्या लेकीला दोऱ्यानं बांधून लुटत होते. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, त्या माणसालाही नाही. एवढंच विचारलं, "त्या पोरीनं दोरा सोडवला का कापला?"

"सोडवला."

मग बाबा म्हणाले, "घेऊन येजो तिले एकदा घरी."

दोन वर्षांनी, धानाची मळणी आटोपल्यावर, सायली केशोरीला आली. आईनं पाणी दिलं. सायली नमस्कार करून ओसरीवर बसली न बसली तोच बाबांनी विचारलं, "नाव तं समजलं. आडनाव काय हाय बाई तुमचं?"

आईनं पदरात तोंड लपवलं. सायलीचे कान लाल झाले. तिनं पेला खाली ठेवला आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं. मग उठून कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड मोकळं केलं आणि तिला म्हणाले, "घाला हात. आमचंही पाहून घ्या."

तिनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला.

आता मी परदेशातच राहते. पाणी नळाचंच पिते, शेजाऱ्यांना मीच आधी सुप्रभात म्हणते. दोरा कधी झिजून गळाला ते कळलंही नाही. संशय मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. पण घर म्हटलं की मला ती ओसरी आठवते. जन्मभर जो प्रश्न आम्हाला विचारला गेला, तो तिथे माझ्या बापानं बसल्या जागेवरून विचारला आणि मग स्वतःच्या पोत्याचं तोंड उघडून दिलं. तसं करायला अंगात बळ लागतं. मला ते यायला इतकी वर्षं लागली, म्हणून हे लिहिलं, आणि म्हणून खाली नाव पूर्ण लिहिते.

रजनी देवाजी रंगारी
मु. केशोरी