वाल्मिक मास्तरांचे तीन रविवार

वाल्मिक मास्तर अठरा वर्षं सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यात माग दुरुस्त करत होते. शाळा सातवीत सुटलेली; 'मास्तर' हे नाव कारखान्याने दिलेलं. पण बिघाड कुठे आहे ते नुसत्या खडखडाटावरून सांगायचे. १९९६ साली शेठने पाण्याच्या झोताने धागा फेकणारे जपानी माग मागवले. विकणाऱ्या कंपनीने एका माणसाला दोन महिने जपानात शिकवायचं कबूल केलं. शेठच्या मनात भाचा धर्मेंद्र होता, पण त्याला ग्रीसने हात काळे करणं जमत नव्हतं. नाव मास्तरांचं गेलं.

वर्ग गुरुवारी सुरू होणार होता. तिकिटावर छापलं होतं : मंगळवार, शून्य वाजून चाळीस मिनिटं. मंगळवारी संध्याकाळी मास्तर राहत त्या गोडादऱ्याची अर्धी गल्ली मेटॅडोर भरून मुंबईच्या विमानतळावर उतरली. मास्तरांच्या गळ्यात अकरा हार.

काउंटरवरची बाई तिकीट पाहून म्हणाली, "हे विमान काल रात्रीच गेलं."

"काल सोमवार होता!" शेजारचा निंबा तिच्यावर खेकसला.

चूक काय झाली ते मास्तरांच्या तेवढ्यात लक्षात आलं. कारखान्यात सोमवारी संध्याकाळी सातला चढलेली पाळी सकाळी सातपर्यंत सोमवारचीच. हजेरी तशी, पगार तसा. म्हणून मंगळवारचं शून्य चाळीस त्यांनी मंगळवारच्या रात्रीत धरलं होतं. मध्यरात्री वार बदलतो हे ज्याने रात्री झोपून काढल्या त्याचं शास्त्र. यावर हसणाऱ्याने आधी महिनाभर रात्रपाळी करून दाखवावी.

मास्तरांच्या बायकोने, सरलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आते काय करानं?"

"रडू नको. विमान गयं, मी ते आठेच शे ना!" मास्तर म्हणाले. गेलं ते विमान, माणूस इथेच होता.

"मास्तर, हार तरी काढा," निंबा म्हणाला. "लोकांना वाटेल, तुम्ही निवडून आलात."

मास्तर मोठ्यांदा हसले, तेव्हा कुठे बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला. पुढची जागा मिळाली ती शनिवारच्या त्याच वेळेची. म्हणजे शुक्रवारी रात्रीची. हे त्यांनी बाईकडून तीनदा वदवून घेतलं. मंडळी परत गेली. मास्तर मुंबईतच मेहुण्याच्या खोलीवर थांबले.

सकाळी त्यांनी शेठला फोन लावला. शेठ अशा निमित्ताची वाटच बघत होता. "रहेवा दे, वाल्मिक. हवे धर्मेंद्र जशे."

"जाऊ द्या की धर्मेंद्रभाईंना. पण व्हिसा माझ्या नावावर लागलाय, शेठ. त्यांचा पासपोर्ट निघेपर्यंत नव्या मागांवर कबुतरं अंडी घालतील."

शेठ म्हणाला, "जा, भाई, जा."

सोमवारी मास्तर वर्गात पोचले. तिथल्या शिक्षकाने दुभाष्याकडून सुनावलं : तीन दिवस बुडाले आहेत. बसायला हरकत नाही, पण प्रमाणपत्र मिळणार नाही.

प्रमाणपत्राशिवाय परतलं की नवे माग धर्मेंद्रच्या ताब्यात आणि मास्तर त्याच्या हाताखाली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मास्तर खुर्चीवर बसलेच नाहीत.

"यांना सांगा, तीन दिवस माझ्याकडे आहेत. तुमच्या सुट्टीचे. तीन रविवार येतो."

"रविवारी सगळे फिरायला जातात," दुभाषी म्हणाला.

"मी फिरायला नाही आलो."

शिक्षकाने मान डोलावली.

एरवी एका मागाभोवती आठजण असायचे. मास्तरांना पुढच्या दोघांच्या खांद्यांमधून बघावं लागे. रविवारी सगळे बर्फाचा डोंगर, देवळं बघायला गेले की आख्खा माग एकट्याचा. शिक्षक कोपऱ्यात पेपर वाचत बसायचा. पहिल्या रविवारी मास्तरांनी माग उघडला आणि रात्री आठपर्यंत त्यांना तो जोडता आला नाही. दुसऱ्या रविवारी जोडला, पण दोन स्क्रू उरले. तिसऱ्या रविवारी शिक्षकाने पेपर बाजूला ठेवला, माग चालू केला, कापडावरून बोट फिरवलं आणि प्रमाणपत्रावर शिक्का मारला.

परतल्यावर गल्लीने घेरलंच. निंबाने विचारलं, "मास्तर, जपानमध्ये काय पाह्यलं?"

मास्तर चहा बशीत ओतत म्हणाले, "पाह्यलं काहीच नाही रे. पण खोलून जोडता येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते नव्या मागांवर उभे होते. पाना हातात द्यायला शेजारी धर्मेंद्र.