चिंचेने घासलेली पाटी

अच्युतकाका गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. वर कुणीतरी विचारलं होतं, गणपतीला मोदक उकडीचे की तळणीचे, खाली कुणीतरी अंगठा दाखवला होता आणि मधे ती दोन ओळींची बातमी... मी ऑफिसच्या कॉलवर होतो. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी 'येस, साउंड्स गुड' म्हणालो. काय साउंड्स गुड, डोंबल! आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो असा की, आता हे घराबाहेर कुणालाच कळणार नाही. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय. पण ते लपवलं तर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. सहा वर्षांपूर्वी एक चूक मी केली, ती काकांनी स्वतःच्या अंगावर घेतली, आणि ते जाईपर्यंत मी मूग गिळून गप्प बसलो. चार लोकांत त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं तर आधी एवढं बोलायलाच हवं.

अच्युत ठोंबरे मूळचे सांगलीचे. आम्ही आयटीवाले इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला एकमेकांच्या अंगणात गाड्या लावून राहतो, काका मात्र आमच्यापासून दीड तासावर, तंबाखूच्या शेतांमधल्या, तालुक्याएवढ्या एका लहानशा काउंटीत राहायचे. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या औषधांच्या दुकानात ते तीस-बत्तीस वर्षं फार्मासिस्ट होते, त्यामुळे कुणाचं ब्लडप्रेशर किती आणि कुणाचा नवरा गोळ्या घ्यायला विसरतो हे सगळं त्यांना पाठ. त्याच ओळखीतून ते काउंटीच्या स्मारक समितीवर गेले. पाच माणसांची समिती, त्यात चार जण पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच आणि पाचवे आमचे काका. काउंटीभर रस्त्याकडेला लोखंडी खांबांवर इतिहासाच्या पाट्या आहेत, कोर्टासमोरच्या हिरवळीवर युद्धांची स्मारकं आहेत, त्या सगळ्यांची देखभाल त्यांच्याकडे. मंडळाच्या पिकनिकला ओळख झाली, मी नागपूरचा, तोंडाने फाटका, 'काका, मलाबी न्या ना' म्हणून मागे लागलो, आणि महिन्यातले दोन शनिवार त्यांच्यासोबत जाऊ लागलो.

काम साधं होतं. बादली, मऊ ब्रश, पाणी. 'साबणसुद्धा नाही लेका, नुसतं पाणी,' हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं होतं. पाटी धुऊन झाली की ते ती मोठ्याने वाचायचे. एका पाटीवर जुन्या मळ्याच्या मालकाचं कौतुक होतं, त्याने हे बांधलं, त्याने ते बांधलं. काका वाचून म्हणाले, 'एकट्याने बांधलं होय रे? ज्या गुलामांनी विटा वाहिल्या त्यांचं नाव नाही आणि गावही नाही.' त्यावर त्यांनी समितीला पत्र दिलं होतं, आणि ते सगळ्यांनाच आवडलं होतं असं नाही. एकदा आम्ही तीच पाटी धूत असताना एक पिकअप ट्रक मागे येऊन थांबला. आतला माणूस उतरला नाही, काच खाली करून नुसता बघत बसला. काकांनी ब्रश खाली ठेवला, वळून बघितलं आणि म्हणाले, 'गुड मॉर्निंग! आईचा गुडघा कसा आहे?' तो माणूस अवघडून 'बेटर, सर' म्हणाला आणि गेला. 'काका, भीती नाही वाटत तुम्हाला?' 'वाटते की. म्हणून तर गुडघा विचारला.'

पण काकांचा जीव होता तो मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेवर. त्या दिवशी कोर्टासमोर, काउंटीतून लढायला जाऊन परत न आलेल्यांची नावं वाचली जातात, आणि समितीने ते काम काकांना दिलं होतं. ती दुसऱ्या महायुद्धाची ब्राँझची जुनी पाटी. वर गोऱ्या सैनिकांची नावं, मग एक आडवी रेघ आणि रेघेखाली काळ्या सैनिकांची. मेले सगळे एकाच युद्धात, पण पाटीवर मधे रेघ! काकांनी पहिल्याच वर्षी सगळी नावं एकत्र करून, आडनावाप्रमाणे लावून वाचली. कुणाला विचारलं नाही. ते म्हणायचे, वाचून संपल्यावर इतकी शांतता झाली की वाटलं, आता आपल्याला इथून हाकलतात. समितीचे अध्यक्ष हॅरल, ज्यांच्या सख्ख्या भावाचं नाव पाटीवर रेघेच्या वर आहे, ते खाली मान घालून उभे होते. मग एक काळी म्हातारी पुढे आली, तिने काकांचे दोन्ही हात धरले आणि धरूनच राहिली. हॅरलनी वर बघितलं आणि नुसती मान हलवली. तेव्हापासून दरवर्षी नावं तशीच वाचली जायची, आणि काकाच वाचायचे.

त्या वर्षी मेमोरियल डेच्या आदल्या शनिवारी काकांची कंबर धरली. शैलाकाकू बहिणीकडे सांगलीला गेलेल्या. काकांनी मला फोन करून सांगितलं, तेवढी कोर्टासमोरची पाटी धुऊन ये. मी गेलो. पाणी मारलं, ब्रश फिरवला, तरी पाटी आपली काळपट तपकिरी. मला ते बघवेना. आमच्याकडे दिवाळीच्या आधी आई सगळी पितळेची भांडी काढायची आणि आम्ही भावंडं चिंच-मीठ घेऊन बसायचो, अशी लखलखायची की तोंड बघून घ्यावं. काउंटीत येताना मी इंडियन स्टोअरमधून सामान घेतलं होतं, त्यात चिंचेचा गोळा होताच. म्हटलं, काकांना सरप्राइज देऊ. अहो, कुणी सांगितला होता हा नसता उपद्व्याप? मी दोन तास घासलं. घाम गाळून, मनापासून, पुण्याचं काम केल्यासारखं. पाटी सोन्यासारखी झाली. पाण्याने जेमतेम धुतली आणि शीळ घालत घरी आलो.

रविवारी सकाळी काकांचा फोन. 'हेमंत, पाटीला काय लावलंस?' त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ब्राँझवरचा तो काळपटपणा म्हणजे मळ नसतो, तो मुद्दाम आणलेला रंग असतो, आणि त्याच्यावरच अक्षरं उठून दिसतात, हे मला तेव्हा कळलं. मी तो रंगच खरवडून काढला होता. वर मीठ राहिलेलं, रात्रीच्या दवाने त्याचे हिरवे-पांढरे ओघळ आले, आणि उद्या वाचायची ती नावं आता वाचताच येत नव्हती. त्यात दिवस वाईट. शेजारच्याच चौथऱ्यावर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेला दगडी शिपाई उभा आहे, तो हलवायचा की ठेवायचा यावरून काउंटीत भांडणं पेटलेली. लोकांना वाटलं, कुणीतरी ॲसिड टाकून बदला घेतला. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, ऑफिसने चौकशी सुरू केली होती, आणि शनिवारी बादली घेतलेला एक इंडियन दिसला असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

मी गाडी पळवत काकांच्या घरी पोचलो. आणि माझी ग्रीनकार्डची मुलाखत तीन आठवड्यांवर होती. एका वकील मित्राला मी वाटेतच विचारलं होतं, तो म्हणाला, अटक झाली, नुसती अटक, तरी सांगावं लागेल, आणि युद्धस्मारकाची नासधूस म्हणजे इथे गंमत नाही. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. काका कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते, मी त्यांच्या पुढ्यात उभा राहून बडबडत होतो, आणि तेवढ्यात दारासमोर शेरीफच्या डेप्युटीची गाडी थांबली. 'किचनमध्ये जा,' काका म्हणाले. 'काका, मी सांगतो त्यांना—' 'आत जा म्हटलं ना लेका! इथे बादली घेतलेला इंडियन म्हणजे मीच. तुला कोण ओळखतंय? मी सिटिझन आहे, मला कुठे पाठवणार आहेत?' मी आत गेलो. ओट्याला टेकून उभा राहिलो आणि ऐकलं. 'इट वॉज मी,' काका म्हणाले. घरगुती उपाय, चूक झाली, अतिशय लाज वाटते. डेप्युटीने विचारलं, तुम्हाला तर माहीत होतं ना, नुसतं पाणी वापरायचं? काका म्हणाले, होय, माहीत होतं. दोन पावलं टाकली असती तर मी दारात पोचलो असतो. ती दोन पावलं मी टाकली नाहीत.

गुन्हा नोंदला गेला नाही, म्हातारा माणूस म्हणून सोडून दिलं. पण समितीने काकांचं नाव कमी केलं. नावं वाचायला दुसरा माणूस आला, तो पाटीवर आहे तशी वाचतो, वरची वर आणि रेघेखालची खाली. पाटी दुरुस्त होऊन आली तरी तेच चालू राहिलं. काका दर मेमोरियल डेला मागच्या रांगेत उभे राहायचे. मी एकदाच सोबत गेलो. रेघेच्या जागी वाचणारा थांबला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. ते बघितल्यावर पुन्हा जायची माझी हिंमत झाली नाही. ग्रीनकार्ड आलं. म्हटलं, आता सांगू. मग घर घेतलं, मग नोकरी बदलली, मग सिटिझनशिपचा अर्ज. घरी बायको म्हणायची, 'सांगणार आहेस का नाही?' आणि मी तिच्यावरच ओरडायचो. काकांनी मला एकदाच, एकदाच विचारलं, 'हेमंत, आता सांगायचं का रे?' मी म्हटलं, 'काका, तेवढी ओथ होऊ द्या.' ते 'बरं' म्हणाले. गेल्या वर्षी नागरिकत्वाची ती शपथ झाली. त्यानंतर माझ्याकडे एकही सबब उरली नव्हती, तरी मी गेलो नाही, आणि मग त्यांनीही विचारलं नाही.

सगळ्यात वाईट होतं ते काकूंचं. काकांनी त्यांनाही खरं सांगितलं नव्हतं. काकू सांगलीहून परत आल्या तर गावात लोक तोंड फिरवायला लागलेले. चर्चच्या बायकांचं जेवणाचं बोलावणं बंद झालं. काकू स्वभावाने फटकळ, त्यांनी या दुःखाची थट्टा करून टाकली. मंडळात कुठेही समई घासायची निघाली की त्या म्हणायच्या, 'यांच्या हातात तेवढी चिंच देऊ नका गं बाई! आख्खी काउंटी घासून ठेवतील.' सगळे हसायचे. काका हसायचे. आणि मीसुद्धा... त्यांच्याच शेजारी बसून, त्यांच्याच ताटाला ताट लावून हसायचो.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी समितीची बैठक होती. मी गेलो. तिथे कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. पाटी मी घासली होती, हे मी एका मिनिटात सांगून संपवलं. हॅरल आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते टेबलाकडे बघतच म्हणाले, 'सहा वर्षं मी त्या माणसाशी हात मिळवला नाही. तो दरवर्षी हात पुढे करायचा.' मी सॉरी म्हणालो. त्यांनी ते हातानेच झटकलं. 'त्याच्या बायकोला माहीत आहे?' मी म्हटलं, नाही. 'मग तू आधी इथे कशाला आलास?' बास, एवढंच. मला वाटलं होतं चिडतील, किंवा माफ करतील. दोन्ही केलं नाही त्यांनी.

तिथून काकूंचं घर पाच मिनिटांवर. हा लेख छापायच्या आधी मी त्यांना पाठवला, त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला नाही, म्हणून पुढचंही लिहितोय. काकू पोळ्या लाटत होत्या, एकटीपुरत्या दोन. 'ये रे, जेवूनच जा,' म्हणाल्या. मी ओट्याजवळ, बरोबर त्याच जागी उभा राहून सगळं सांगितलं. किचनमधलं, डेप्युटीचं, 'बरं' म्हणाले ते. काकूंचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, मीच पुढे होऊन गॅस बंद केला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता हाकलून देतील, आणि देवाशपथ, द्यावं असंच वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'तूपण हसायचास ना रे?'

मग पिठाचे हात तसेच घेऊन त्या काकांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. ती खोली अजून त्यांनी आवरलेली नाही, टेबलावर चष्माही तसाच आहे. मी जाऊ की थांबू ते मला कळेना. आतून त्यांचा आवाज आला. खालचा, घाईचा, घरात नवऱ्याशी बोलतात तसा. 'अहो... ऐकलंत का? अहो, चुकलं हो माझं. चार लोकांत बोलले मी तुम्हाला. चुकलं माझं...' पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. चूक माझी होती, माफी त्या मागत होत्या, आणि मी दाराबाहेर उभा होतो.