चर्चा केली, मत कायम

माझं तोंड सातारी. मनात आलं की बोलून मोकळी. नव्वदच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होते. कचेरीचं नाव मुद्दाम घेत नाही. माझ्या तोंडाला आवर घालणारा तिथं एकच माणूस होता, आमचे अण्णा. अव्वल कारकून, माझे वरिष्ठ. इतक्या वर्षांनीही त्यांची इतकी आठवण येते, काय सांगू.

त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचं काम माझ्याकडं होतं. टँकर पोचला की गावातल्या कुणीतरी खेपांच्या वहीत सही करायची, अशी रीत. एके दिवशी लांबच्या एका वस्तीवरच्या दोन बायका आल्या. म्हणाल्या, आठ दिवस झाले, टँकर फिरकलेला नाही. मी वही काढली. रोज दोन खेपा, पुढं सह्या, आणि सगळ्या सह्या एकाच हातच्या. माझं डोकंच फिरलं. तशीच उठले, भर व्हरांड्यात तहसीलदार साहेबांना गाठलं आणि तावातावानं सगळं सांगितलं. साहेब हसले, बघतो म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले. पाणी काही आलं नाही.

अण्णांनी मला आधी चहा पाजला, मग झापलं. तोंडी सांगितलेलं आम्ही ऐकलंच नाही म्हणायला लोक मोकळे असतात, म्हणाले. टिप्पणी लिहायची, पानाला नंबर घालायचा. कुणाला चोर म्हणायचं नाही. वहीत काय दिसतं, बायका काय म्हणाल्या, एवढंच, आणि शेवटी वस्तीवर जाऊन पाहणी करावी असं आपलं मत. मी तीनदा लिहिलं, तीनदा त्यांनी माझा राग खोडला. मग खाली नेहमीची बारकी सही करून फाईल आत पाठवली.

ती परत आली 'चर्चा करा' असा शेरा घेऊन. या शेऱ्याचा अर्थ आमच्याकडं शिपायालाही ठाऊक होता. आत जायचं, ऐकून घ्यायचं आणि बाहेर येऊन पान बदलायचं. मी आत गेले. साहेबांनी आवाजही चढवला नाही. उन्हाळा संपत आलाय, कशाला वाढवताय, दुसरं पान लिहा, म्हणाले. बाहेर आले आणि खोटं कशाला सांगू, मी कोरं पान पुढ्यात घेतलंसुद्धा.

अण्णांनी ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाले, शेऱ्याखाली लिही, 'चर्चा केली. मत कायम आहे.' मी लिहिलं. मग त्यांनी फाईल स्वतःकडं ओढली, खाली 'सहमत' लिहिलं आणि पूर्ण नावानिशी सही केली. मी हबकलेच. त्यांच्या बायकोवर, आमच्या काकूंवर, मिरजेच्या दवाखान्यात उपचार चालू होते. आठवड्यातून दोनदा ते तिला घेऊन जायचे. बदली झाली तर त्या माउलीचं कोण करणार? तुम्ही यात पडू नका, म्हणून मी हात जोडले. त्यांनी ऐकलं नाही.

दोघांची सही असलेलं पान साहेबांना दाबता आलं नाही. पाहणी झाली, चौथ्या दिवशी टँकर वस्तीवर गेला. आणि महिन्याच्या आत अण्णांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. तिथून मिरजेला यायला दोन एसट्या बदलाव्या लागत.

स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले, बाकीच्यांना साहेबांची धास्ती. "अण्णा, माझ्यामुळं झालं वो हे," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

"तुझ्यामुळं कसं?" ते म्हणाले. "सही माझी हाय."

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. मला ते दोन महिन्यांनी कळलं. भेटायला जायचं रोज ठरवायची आणि रोज कच खायची. एवढं लिहायला शिकवलं त्यांनी, पण त्यांना चार ओळींचं पत्र लिहिणं मला जमलं नाही. आता अण्णाही नाहीत. आणि मला अजून त्यांच्यासमोर जाऊन नुसतं बसायचंय.